मला खोलीबाहेर का बसवलं?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. गेली वीसेक वर्षं ते कानाचं मशीन वापरतात. उजव्या कानाला त्याचा काही उपयोग होईना, म्हणून दहा वर्षांपूर्वी त्यांनी त्या कानात मशीन घालणंच सोडलं. आता डाव्या कानानंही भागत नाही. फोनवर बोलणं बंद झालंय, आणि घरात आम्ही चौघं एकदम बोलायला लागलो की ते उठून आतल्या खोलीत जातात. ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्रासाठी) तपासणी करून घ्या असं सुचवलं. दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी मला खोलीबाहेर बसवलं. बाबांना शंभरातले अठराच शब्द सांगता आले. तो आकडा ऐकून ते असे खचले की दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी नवीन मशीन देऊन ‘दोन्ही कानांत घाला आणि सहा आठवड्यांनी या’ असं सांगितलं. आईला ही टाळाटाळ वाटते. बाबा म्हणतात, या वयात डोक्याला भोक कशाला पाडून घेऊ? मी मात्र इम्प्लांट सुरू होताच आनंदानं रडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ पाहिले आहेत. पुढच्या वेळी बाबा पास व्हावेत म्हणून घरी काय तयारी करून घेऊ? आणि त्यांना कसं पटवू?
– एक मुलगी

उत्तर : तुम्हाला खोलीबाहेर बसवलं ते योग्यच झालं. का, ते आधी सांगते, कारण बाकीची बरीच उत्तरं त्यातच आहेत.

बाबा गेली कित्येक वर्षं नुसत्या कानांनी ऐकत नाहीयेत. तुमच्या ओठांकडे, भुवयांकडे बघत, विषय काय चाललाय ते धरून, अर्धवट ऐकलेलं वाक्य मनात पुरं करत ते तुमच्याशी बोलतात. तुम्हीही नकळत त्यांच्याकडे तोंड वळवता, शब्द सावकाश उच्चारता, दुसऱ्या कुणी काही विचारलं की तेच त्यांना पुन्हा सांगता. घरात हे असंच चालायला हवं. पण त्यामुळे कान स्वतः किती काम करतोय ते झाकून जातं. म्हणून चाचणीत रेकॉर्ड केलेला आवाज असतो. समोर चेहरा नसतो, शेजारी मुलगी नसते, आणि एकामागून एक सुटे शब्द येतात ज्यांना आगापिछा नाही. आवाज साधारण बोलण्याइतकाच मोठा ठेवतात, कारण बाहेरचं जग बाबांशी ओरडून बोलत नाही.

तेव्हा अठरा हे बाबांचे गुण नव्हेत. त्या दिवशी कानात जे मशीन होतं, ते त्या कानांना किती पुरं पडतं याचं ते माप आहे. बाबांना नव्वद शब्द आले असते तर त्यांना सांगितलं असतं, ‘तुमचं मशीनवर चांगलं चाललंय, ऑपरेशन नको.’ ‘पास’ हा शब्द म्हणून घरातून काढून टाका. तो बाबांच्या कानावर पडला नसला तरी तुमच्या चेहऱ्यावर त्यांना दिसलेला असणार. चेहरे वाचण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आणि घरी शब्दांची उजळणी मुळीच करून घेऊ नका. माणसं अशी तयारी करून येतात, मन लावून अंदाज बांधतात, आणि खरं दुखणं आम्हा तपासणाऱ्यांपासून लपून राहतं. एक गोष्ट मात्र विचारून घ्या : शब्दांची यादी बाबांच्या बोलण्याच्या भाषेतलीच होती ना? परक्या भाषेतले शब्द चुकले तर दोष कानाचा की भाषेचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

कागदावरचा ऑडिओग्राम असताना शब्दांची चाचणी कशाला, असं अनेकांना वाटतं. ऑडिओग्राम एवढंच सांगतो की कोणत्या पट्टीचा किती बारीक ‘टूं’ आवाज माणसाला जाणवतो. जाणवणं आणि समजणं यांत फार अंतर आहे. ‘आवाज येतो हो, पण शब्द लागत नाही,’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की त्यालाच निदान म्हणावं असं वाटतं. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट असतात, ते बहुतेकांना शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, फ, त, थ हे आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतले, ते आधी जातात. मग साठ, पाठ, काठ, सगळ्याचं ‘आठ’ होतं. बाबा संदर्भावरून ओळखायला बघतात, आणि संध्याकाळपर्यंत थकून जातात. ते उठून आत जातात ते रुसून नव्हे. चौघांच्या बोलण्यातून एक वाक्य वेचून काढणं हे त्यांच्यासाठी अंगमेहनतीसारखं काम आहे.

हे का होतं? आतल्या कानात शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक भाग असतो, तोच कॉक्लिआ. त्यात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. त्यांपैकी आवाज मेंदूकडे पोचवण्याचं मुख्य काम करणाऱ्या पेशी एका कानात साधारण साडेतीन हजारच असतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कानाचं मशीन आवाज मोठा करून याच पेशींच्या हवाली करतं. पेशीच उरल्या नाहीत तर आवाज वाढतो, त्याबरोबर गोंधळही वाढतो. इम्प्लांट या पेशींना वगळून पुढे जातं. शंखात एक बारीक तार सरकवतात. तिच्यावर कंपनीनुसार १२ ते २२ ठिकाणी इलेक्ट्रोड असतात आणि ते ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे सूक्ष्म संकेत देतात. साडेतीन हजार पेशींचं काम फार तर बावीस ठिपक्यांवर आलं, हे लक्षात असू द्या. व्हिडिओंचं बोलताना ते लागेल.

आता आईचा आक्षेप. सहा आठवडे नवीन मशीन घालायला लावणं ही टाळाटाळ नाही. हा टप्पा गाळला असता तर मीच तुम्हाला ‘दुसरीकडे दाखवा’ म्हटलं असतं. वर्षानुवर्षं वापरलेलं मशीन बरेचदा जुन्या कानाच्या मापाचं असतं. कान खालावत जातो, सेटिंग मात्र तेच राहतं. कानात बसणारा साचा सैल होतो, नळीत मळ साचतो. अशा मशीनवर केलेली चाचणी कानावर अन्याय करते. म्हणून आधी कानाच्या पोकळीत एक बारीकशी मऊ नळी ठेवून पडद्यापर्यंत नेमका किती आवाज पोचतोय ते मोजतात, त्याप्रमाणे मशीन लावतात, मेंदूला त्या आवाजाची सवय होऊ देतात, आणि मग पुन्हा शब्द ऐकवतात. प्रत्येक कान वेगळा, दोन्ही मिळून, शांततेत, आणि मुद्दाम गलबला लावून. नवीन मशीनवर आकडा चांगला वर गेला तर बाबा ऑपरेशनशिवाय सुटले. याला इतकं महत्त्व का, तर इम्प्लांट करताना त्या कानात उरलेलं नैसर्गिक ऐकणं पुष्कळदा कमी होतं किंवा जातंच. जे काढून घ्यायचं त्याची पुरती किंमत आधी कळायला हवी.

किती आकड्याला ‘हो’ म्हणायचं, हे सगळीकडे एकसारखं नाही. ब्रिटनमध्ये २०१९ पासूनचा नियम असा : मशीनशिवाय दोन्ही कानांना ठरावीक पाच पट्ट्यांपैकी किमान दोन पट्ट्यांत ८० डेसिबलपेक्षा मोठाच आवाज ऐकू येत असेल, आणि मशीन घालूनही शब्दचाचणीतले उच्चार निम्म्याहून कमी बरोबर येत असतील, तर इम्प्लांटचा विचार करायचा. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यानं २०२२ मध्ये वाक्यचाचणीची मर्यादा ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेली. रेषा सैल होत चालली आहे, कारण थोडं ऐकू येणाऱ्यांनाही फायदा होतो हे दिसून आलंय. तुमच्या वाचकमित्रांपैकी कुणाचा बरा कान ६० डेसिबलच्या पुढे गेला असेल आणि मशीन न लावता घेतलेल्या चाचणीत सुटे शब्द साठ टक्के किंवा त्याहून कमी कळत असतील, तर त्यांनी निदान तपासणीला तरी जावं. तपासणीला जाणं म्हणजे ऑपरेशनला होकार नव्हे. हे न कळल्यामुळे कितीतरी माणसं दहा-दहा वर्षं उशिरा येतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबांच्या बाबतीत सर्वांत अवघड प्रश्न उजव्या कानाचा आहे. तुमच्या पत्रातलं ‘दहा वर्षांपूर्वी मशीन घालणंच सोडलं’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. दहा वर्षं त्या नसेतून मेंदूकडे फारसं काही गेलेलं नाही. कान जितका काळ गप्प, तितकं नंतर इम्प्लांटमधून येणारं बोलणं समजायला जड जातं, हा सर्वसाधारण अनुभव. मग डाव्या कानात करावं का? तिथे नस सरावातली आहे, निकाल चांगला येण्याची शक्यता जास्त. पण आज बाबांचं सगळं बोलणं-ऐकणं त्याच कानावर चाललंय, आणि उरलंसुरलं पणाला लावायला कुणाचंही मन धजत नाही. उजव्यात केलं तर गमावण्यासारखं थोडंच, आणि डाव्यातलं मशीन चालू ठेवून दोन्ही मिळून ऐकता येतं. जन्मल्यापासून ऐकू न आलेला कान आणि साठ वर्षं ऐकून मग गप्प झालेला कान यांतही मोठा फरक आहे. बाबांच्या मेंदूत बोलण्याची ओळख पक्की आहे, ती दहा वर्षांत पुसली जात नाही. म्हणून मला उजव्याची आशा सोडावीशी वाटत नाही. पण निर्णय पत्रावरून करण्यासारखा नाही. त्या कानात सहा आठवडे मशीन घालायला लावण्यामागे हेच कारण असणार : तो कान आवाजाला काही प्रतिसाद देतोय का ते बघणं. उजव्या कानात नुसती घरघर ऐकू आली तरी मशीन काढून ठेवू देऊ नका. पुढच्या भेटीत सरळ विचारा, ‘कोणता कान, आणि का?’ उत्तर कारणांसकट मिळायला हवं.

यापुढे स्कॅन होतील. सीटीमध्ये हाड दिसतं : शंखाचा आकार नीट आहे का, आत हाड वाढून वाट बुजलेली नाही ना. एमआरआयमध्ये शंखातला द्रव आणि ऐकण्याची नस दिसते. नसच नसेल तर तार टाकून उपयोग नाही. शंखच तयार झालेला नसेल तर तार टाकायला जागा नाही. बाबांनी साठी-सत्तरीपर्यंत ऐकलंय, तेव्हा या दोन्हींची धास्ती घेऊ नका. बाबांना लागू नाही, तरी इथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेंदूज्वरानंतर ज्यांचं ऐकणं गेलं, मूल असो की मोठा माणूस, त्यांनी एक दिवसही वाट बघू नये. त्या आजारानंतर शंखात काही आठवड्यांतच हाड धरू लागतं आणि तार सरकवायची वाट बंद होते. तिथे सहा आठवड्यांचं मशीन वगैरे काही नसतं, तातडीनं स्कॅन आणि निर्णय.

‘डोक्याला भोक’ ही भीती हसण्यावारी नेऊ नका, पण दुरुस्त करा. ऑपरेशन मेंदूचं नाही. कानामागच्या हाडातून वाट करून शंखापर्यंत पोचतात, आणि चकतीसारखा एक भाग कातडीखाली, कवटीच्या हाडावर बसवतात. काम साधारण दोन-तीन तासांचं. पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून हृदय, फुप्फुसं, साखर, रक्त पातळ करणारी औषधं यांची तपासणी होते. नुसतं वय आड येत नाही. ऐंशी ओलांडलेल्यांनाही इम्प्लांट करतात आणि त्यांना फायदा होतो. धोके आहेतच : काही दिवस चक्कर, जिभेच्या एका बाजूची चव बदलणं, जखमेत जंतुसंसर्ग, आणि क्वचित चेहऱ्याच्या नसेला इजा. तोल सांभाळणारा अवयव शंखाला चिकटूनच असतो, त्यामुळे या वयात तोलाची तपासणी झालीच पाहिजे. समजा एका बाजूचा तोल आधीच गेलाय आणि ऑपरेशन दुसऱ्या बाजूला केलं, तर माणूस चालताना कोलमडू शकतो. ती तपासणी कुणी सुचवली नाही तर तुम्ही विचारा. मेंदूज्वरापासून संरक्षण म्हणून ऑपरेशनच्या आधी न्यूमोकॉकल लसही देतात.

आता ते व्हिडिओ. त्यातले अश्रू खरे आहेत, पण कॅमेरा त्या दिवशीच बंद होतो. टाके भरल्यावर, काही दिवसांनी ते चारेक आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर (आवाज टिपून आतल्या भागाकडे पाठवणारं, बाहेरून घालायचं यंत्र) लावून इम्प्लांट सुरू करतात. त्या क्षणी बहुतेक मोठ्या माणसांना माणसाचा आवाज माणसाचा वाटत नाही. कुणाला शिट्ट्या ऐकू येतात, कुणाला घंटा, कुणाला डब्यातून बोलल्यासारखं. ते बावीस ठिपके आठवा : मेंदूला एका नव्या लिपीत तीच भाषा वाचायची असते. प्रोसेसरची जुळणी पुन्हा पुन्हा करावी लागते, घरी रोज ऐकण्याचा सराव करावा लागतो, आणि मोठी सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत, पुढे हळूहळू वर्षभर होत राहते. समोरासमोरचं बोलणं पुष्कळांना सोपं होतं, बऱ्याच जणांना फोनही जमतो. गोंगाटात त्रास उरतो. संगीत बहुतेकांना पूर्वीसारखं वाटत नाही. ताल कळतो, सूर निसटतात. बाबा गाण्याचे शौकीन असतील तर हे त्यांना आजच, स्पष्ट सांगायला हवं. रात्री प्रोसेसर काढला की त्या कानात शांतता. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर कातडीखालच्या चकतीतल्या चुंबकाचा विचार करावा लागतो. एखाद्याला फायदा अपेक्षेपेक्षा कमीच होतो, आणि कुणाला होईल ते आधी खात्रीनं सांगता येत नाही.

तपासणीत म्हणूनच एक भेट नुसत्या बोलण्याची असते. बाबांना काय हवंय, घरी सरावाला कोण बसणार, भेटींना कोण आणणार, स्मरणशक्ती कशी आहे, निराशा किती खोल आहे, हे विचारतात. घरच्यांना हे चौकशीसारखं वाटतं. पण इम्प्लांट घालून कपाटात ठेवलेले प्रोसेसर मी पाहिले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत इच्छा मुलांची होती, माणसाची स्वतःची नव्हती.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाला येते. बाबांना पटवू नका. माहिती पुरवा. इम्प्लांट होऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या, त्यांच्याच वयाच्या माणसाला भेटवून द्या. केंद्राला विचारलंत तर ते अशी गाठ घालून देतात. शक्य असेल तर दोघांना भेटवा : एक समाधानी, एक अर्धसमाधानी. तिथे मात्र तुम्ही बाहेर बसा, या वेळी आपणहून.

तपासणीअंती ‘नाही’ असं आलं, किंवा बाबाच ‘नको’ म्हणाले, तरी हातात काही उरत नाही असं नाही. बोलणाऱ्याच्या गळ्याशी लावायचा छोटा माइक, जो आवाज थेट मशीनमध्ये पोचवतो, गलबल्यात फार मोठा फरक पाडतो. फोनवर बोलणं अक्षरांत उमटवणारी सोय आता सहज मिळते. बाबांना वाचायला त्रास नसेल तर ती आजपासून वापरा. आजचा ‘नाही’ कायमचाही नसतो. कान खालावला, किंवा बाबांचं मन बदललं, तर दोन वर्षांनी पुन्हा जाता येतं.

या सहा आठवड्यांत एवढं करा. एखाद्या संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून, तुमच्या चेहऱ्यावर उजेड राहील असं बाबांसमोर बसा. आधी अठरा या आकड्याचा खरा अर्थ कागदावर लिहून त्यांना दाखवा. मग तोच कागद त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ‘तुम्हाला कुणाचं बोलणं पुन्हा ऐकायचंय, आणि कुठे?’ ते लिहितील ते ‘फोनवर धाकट्या भावाशी’ असेल, ‘दारावरची बेल’ असेल, किंवा ‘आता काही नको’ असेल. जे लिहितील ते जसंच्या तसं पुढच्या भेटीला घेऊन जा आणि चाचणीच्या कागदांबरोबर ऑडिओलॉजिस्टना द्या. मशीन काढता-घालताना लागणारा वेळ, लिहिताना लागणारा वेळ, सगळा त्यांचा त्यांना घेऊ द्या, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत मध्ये काही सुचवू नका.